दोन रिंगा

ही गोष्ट खरी आहे.

कोणाला पटो न पटो. पटवून द्यायचा मक्ता इथे कोणी घेतलेला नाही. ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं, ती आजही चौकातल्या जिन्याखालच्या दुकानात बसून मोबाईल दुरुस्त करते. हवं तर जाऊन बघा. फक्त एक सांभाळा. "ताई, माझा फोन फक्त 4G वर लॉक करून द्या, नेट पळालं पाहिजे," असं तिला चुकूनही म्हणू नका.

ती फोन तुमच्या हातात परत देईल. वर चार शब्द सुनावेल, तेही रस्त्यापलीकडच्या माणसाला ऐकू जातील अशा आवाजात.

लोक म्हणतात, बाईचं डोकं फिरलंय. आलेलं गिऱ्हाईक असं कोणी हाकलतं का?

डोकं बिकं काही फिरलेलं नाही. का हाकलते, ते ऐका.

वार गुरुवार. वेळ दुपारी एक वाजून पन्नास मिनिटं. भुताखेताचं काही घडायचं तर रात्रीच घडतं, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी इथेच थांबावं. हे सगळं भर दुपारी घडलं. बाहेर रस्त्यावर माणसं होती, दुकानातला पंखा गरगरत होता.

आणि तरीही घडलं...

दुकान म्हणजे जिन्याखालचा कोनाडाच. सरळ उभं राहिलं की डोकं आपटतं. एक टेबल, त्यावर दिव्याचं भिंग, चिमटे, बारीक स्क्रूच्या डब्या. टेबलाच्या कडेला एक जुना स्पीकर, फोनचा आवाज तपासायला ठेवलेला. मागच्या फळीवर दुरुस्तीला आलेले फोन ओळीने मांडलेले. प्रत्येकाच्या पाठीवर चिठ्ठी, आणि एकातही सिम नाही. गिऱ्हाईकाचं सिम गिऱ्हाईकाच्या हातात परत द्यायचं, हा ताईचा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

रोज कोणी ना कोणी यायचंच. "ताई, हे वर E काय आलंय? व्हायरस शिरला का फोनमध्ये?"

"व्हायरस तुमच्या डोक्यात शिरलाय," ताई म्हणायची. "E म्हणजे 2G. जुनं आहे, हळू आहे, पण इमानी आहे. नेट धड चालणार नाही, पण फोन लागतो, मेसेज जातो. H दिसलं की 3G. H पुढे अधिकची खूण असली की जरा बरं. 4G नाहीतर LTE दिसलं की नेट पळतं. R दिसलं तर तुम्ही दुसऱ्याच्या नेटवर्कवर पाहुणे. आणि नुसती फुली दिसली तर मात्र घाबरा. E ला नावं ठेवायची नाहीत. कळलं?"

शेजारच्या दुकानातले घड्याळवाले आजोबा भिंगातून मान वर न करता म्हणायचे, "ताई, ते गिऱ्हाईक आहे. परीक्षेला बसवू नकोस त्याला."

अशी ही बाई. नेटवर्कमधलं तिला कळत नाही असं काही नाही, असं सगळा चौक म्हणायचा. तीही म्हणायची.

तिचा धाकटा भाऊ मोबाईलच्या टॉवरवर कामाला होता. वय एकोणतीस. लहानपणी खांब दिसला की खांबावर, दार दिसलं की दारावर चढायचा, म्हणून घरात त्याला खारू म्हणायचे. मोठेपणी चढण्याचाच पगार मिळायला लागला. वर जायचं, जुना अँटेना काढायचा, नवा बसवायचा, खाली यायचं.

टॉवरवरचा नियम साधा आहे. एक वर, एक खाली. वरचा काम करतो. खालचा त्याच्यावर नजर ठेवतो आणि काही झालं तरी जागा सोडत नाही. खारूच्या वेळी खाली असायचा त्याचा सुपरवायझर. भावंडं त्याला काका म्हणायची. वरचेवर घरी येणारा, आईच्या हातचा चहा पिऊन "वहिनी, असा चहा कुठे मिळत नाही" म्हणणारा माणूस.

भावंडांचा आपसातला एक नियम वेगळा होता.

चढायच्या आधी एक रिंग. उतरल्यावर दोन रिंगा. उचलायचं नाही.

एक रिंग आली की ताई भिंतीवरचं घड्याळ बघायची. तासाभरात दोन रिंगा आल्या नाहीत की काकांना फोन करून त्यांचं डोकं खायची. खारू तिला खूप चिडवायचा. "ताई, मी टॉवरवर चढतो, चंद्रावर नाही." पण रिंग द्यायला विसरायचा नाही. सहा वर्षांत एकदासुद्धा नाही.

त्या गुरुवारी एक रिंग आलीच नाही.

ताईला वाटलं, आज चढत नसेल. वारा सुटलाय. बरंच झालं. आणि ती कामाला लागली. एका गिऱ्हाईकाचा फोन पार बसला होता. त्यात नवं सॉफ्टवेअर घालायचं होतं, आणि त्याची भलीमोठी फाईल ती स्वतःच्या फोनवर उतरवून घेत होती. दुपारभर फोन तिच्या हातात होता.

दुपारभर. हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी साडेसहाला काका दुकानात आले. घामाघूम, शर्टाला ग्रीस. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तुझा फोन का लागत नाही गं?"

दुसरं वाक्य खारूबद्दल होतं.

फोन ताईच्या हातातून पडला. काच तडकली. आजोबांनी तो उचलून टेबलाच्या खणात टाकला. दहा दिवसांनी ताई दुकानात परतली तेव्हा तिने त्यातलं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, आणि खण लावून टाकला. तो फोन तिला डोळ्यांसमोर नको होता.

कंपनीने कागद केला. खारूचा पाय घसरला. कमरेच्या सुरक्षा-पट्ट्याने त्याला धरलं, पण तो तिथेच लटकून राहिला आणि गेला. कारण काय? तर कर्मचाऱ्याचा स्वतःचा निष्काळजीपणा. खाली सही, शिक्का. सहा वर्षं ज्याने एक रिंग चुकवली नाही तो निष्काळजी!

काका घरी आले. आईसमोर खाली मान घालून बसले.

"वहिनी, जागच्या जागी गेला हो. त्याला काही कळलंसुद्धा नाही. कोणाला फोन करायलाही वेळ मिळाला नाही. आणि केला असता तरी लागला नसता. नवं यंत्र बसवायचं म्हणून तिथलं 4G बंद होतं. नुसतं E दिसत होतं. नेटवर्कच नव्हतं म्हणा ना."

आई मान हलवत राहिली. तिला E काय आणि F काय. त्याला काही कळलं नाही, एवढं एकच वाक्य तिने पदरात घट्ट बांधून ठेवलं.

स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईसमोर ती काही बोलली नाही. काका निघाले तसं तिने त्यांना जिन्यात गाठलं.

"काका, E वर फोन लागतो."

"अगं, तसं नव्हे..."

"मग कसं? बावीस वर्षं टॉवर उभे करताय तुम्ही. E वर फोन लागतो हे मी तुम्हाला सांगायचं? आणि जागच्या जागी कसा गेला? डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, तो तीन तास लटकत होता, पट्ट्याने अंगातलं रक्त अडलं. अर्ध्या तासात खाली काढला असता तर वाचला असता. तुम्ही कुठे होतात तेव्हा? एक वर, एक खाली ना?"

काका कठडा धरून उभे राहिले. शेवटी म्हणाले, "तुझ्या आईला जे समाधान आहे ते तरी राहू दे," आणि खाली उतरून गेले.

त्या दिवसापासून ताईच्या डोक्याने एकच घेतलं. खारूने फोन केला असणार. काकांनाच केला असणार. आणि या माणसाने उचलला नाही. हे त्याच्याच तोंडून आईसमोर वदवून घ्यायचं. कंपनी म्हणाली, त्याच्या नंबराच्या यादीत त्या दुपारी एकही कॉल नाही. असणार कसा? न लागलेला कॉल यादीत येतच नाही. हेही तिला माहीत होतं.

खारूला खाली उतरवताना त्याचा फोन पिशवीतून पडून चुरा झाला होता. पुरावा काहीच नव्हता.

आणि मग आला चौथा गुरुवार.

जेवणाची वेळ. शटर अर्धं खाली. ताई डबा उघडून बसली होती, खात काही नव्हती. आजोबांच्या दुकानातल्या घड्याळांची टिकटिक भिंतीतून ऐकू येत होती.

एक वाजून पन्नास मिनिटं.

आधी वाटलं, माशी आहे...

टिर्र... टिर्र... टिटिर्र...

स्पीकर करवादत होता.

ज्यांनी जुने फोन वापरलेत त्यांना हा आवाज ओळखीचा असेल. 2G वर फोन येणार असला की वाजायच्या क्षणभर आधी जवळचा स्पीकर असा कुरकुरतो. 4G वर असं होत नाही. सिम नव्या फोनमध्ये घातल्यापासून ताईने हा आवाज ऐकला नव्हता. तिने हातातला घास खाली ठेवला. आता कुठलातरी फोन वाजणार.

कुठलाच वाजला नाही.

दोन मिनिटं गेली...

टिर्र... टिर्र... टिटिर्र...

पुन्हा तेच. कुरकुर झाली, थांबली, आणि पुढे रिंग नाही. मग पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा.

ताईने स्वतःचा नवा फोन बघितला. 4G. शांत. बाहेर वाकून बघितलं. रस्त्यावर कोणी नाही. मग तिची नजर मागच्या फळीवर गेली.

सहाही फोनच्या स्क्रीन उजळल्या होत्या.

एकातही सिम नव्हतं. तरी सहाही फोनवर रेघा पूर्ण होत्या. आणि रेघांशेजारी एकच अक्षर...

E.

ती जवळ जाईपर्यंत स्क्रीन विझल्या. पण ती बाहेर पळाली नाही. ती चिडली. ती घाबरली की चिडतेच, लहानपणापासून.

पाचव्या गुरुवारी तिने स्पीकरची वायर भिंतीतून काढून हातात धरली. आजोबांना समोर बसवलं. "नुसतं ऐका," म्हणाली.

एक पन्नास. एक बावन्न. एक सत्तावन्न.

तिन्ही वेळा स्पीकर कुरकुरला. वायर ताईच्या हातात होती.

आजोबांच्या हातातला चिमटा खाली पडला. "ताई... तो कोपऱ्यातला..."

कोपऱ्यातल्या फोनचं पोट उघडं होतं. त्याची बॅटरी टेबलावर होती, ताईच्या कोपराजवळ. आणि त्याच्या स्क्रीनवर E होतं.

त्यानंतर बराच वेळ काही झालं नाही. आजोबा उठायच्या बेतात होते. पावणेतीनला आणखी एक आवाज आला. आधी अगदी हलका...

टक टक.

आणि लगेच मागून, टिर्र... टिर्र... टिटिर्र...

मग दहा मिनिटं सामसूम.

टक टक.

टिर्र... टिर्र...

ताईने एका चिठ्ठीच्या पाठीवर वेळा लिहून काढल्या. मधलं अंतर वाढत गेलं. टक टक मंद होत गेलं. शेवटची कुरकुर पाच वाजून पाच मिनिटांनी झाली. त्यानंतर आजोबांच्या दुकानातली घड्याळं तेवढी ऐकू येत होती.

"सरळ बोल ना!" ताई त्या स्पीकरवर ओरडली. "असं अर्धवट काय करतोस! कोणाला लावत होतास ते सांग!"

आजोबांनी डोळे पुसले आणि आपलं दुकान लवकर बंद करून घरी गेले.

सहाव्या गुरुवारी ताईने काकांना फोन केला. "येताय, की मी तुमच्या ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर बोलू?"

काका आले. दीडलाच आले. वाकून आत शिरले, स्टुलावर टेकले, उगाच इकडेतिकडे बघत राहिले. चेहऱ्यावर रया नव्हती. ताईने पाणीसुद्धा विचारलं नाही.

एक पन्नास झाले.

टिर्र... टिर्र... टिटिर्र...

बावीस वर्षं टॉवरवर काढलेल्या माणसाला हा आवाज सांगावा लागत नाही. काकांनी स्पीकरकडे बघितलं. मग वायरीकडे. वायर जमिनीवर पडली होती.

"ओळखलात?" ताई म्हणाली. "दर गुरुवारी येतो. याच वेळेला. आता बोला. कोणाला लावत होता तो? तुम्हालाच ना? का नाही उचललात?"

"हे बघ, मी..."

टिर्र... टिर्र...

"उचलला का नाहीत म्हणते मी!"

"मला नव्हता लावत!" काका किंचाळले. "तुला लावत होता! तुला!"



"चढायच्या आधी तीनदा लावला त्याने. मी शेजारी उभा होतो. लागतच नव्हता तुझा फोन. फोनवरची ती बाई सारखी म्हणायची, हा नंबर संपर्काबाहेर आहे. तो म्हणाला, काका, ताईला रिंग जात नाहीये, थोडं थांबू या. रिंग गेल्याशिवाय मी नाही चढत. मी... मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, बहिणीला विचारून चढणार का तू? कामाचा खोळंबा होतोय. वर हो. उतरलास की कर तिला. तो नको नको म्हणत चढला. आणि मला दुसऱ्या टॉवरवरून बोलावणं आलं, म्हटलं पाऊण तासात येतो. तिथे अडकलो गं. परत आलो तेव्हा सहा वाजले होते..."

तिसऱ्यांदा कुरकुर झाली. काका उठले ते थेट जिन्यावर डोकं आपटून, शटरखालून जवळजवळ रांगत बाहेर पडले. एक चप्पल आतच राहिली.

"खोटारडा!" ताई मागून ओरडली. "साफ खोटं! फोन माझ्या हातात होता! दुपारभर हातात होता! पूर्ण रेघा होत्या! 4G होतं!"

आणि ती थांबली.

4G होतं.

दुपारभर. एकदाही खाली न येता.



टिर्र... टिर्र... टिटिर्र...

या वेळी आवाज स्पीकरमधून येत नव्हता. खणातून येत होता.

तिने खण ओढला. सहा आठवडे चार्ज न केलेला, सिम काढून घेतलेला तिचा जुना फोन तडकलेल्या काचेखाली उजळला होता. वर पूर्ण रेघा. E.

तिने सेटिंग उघडलं. स्टार, हॅश, आकडे दाबून जे आतलं पान उघडतं, ते. दुरुस्तीवाल्यांनाच माहीत असतं ते पान. बोटांना पाठ होतं, डोळ्यांना बघायचं नव्हतं.

तिथे लिहिलं होतं, फक्त LTE.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथे आहे. तिचा तो जुना फोन 4G वर नुसतं नेट चालवायचा. 4G वर बोलता येईल असा तो फोनच नव्हता. कोणाचा कॉल आला की तो गुपचूप 2G वर उतरायचा, बोलणं झालं की पुन्हा वर चढायचा. त्या दुपारी सिग्नल सारखा H वर घसरत होता आणि अर्धी उतरलेली फाईल पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. ताई वैतागली. म्हणून तिने फोन वरच अडकवून ठेवला. फक्त LTE. खाली उतरायची सोयच काढून टाकली. या धंद्यात सगळेच करतात, फाईल उतरली की परत बदलतात. ती बदलायला विसरली. नेट झकास पळत होतं. रेघा पूर्ण होत्या. आणि फोन करणाऱ्याला ऐकू येत होतं, हा नंबर संपर्काबाहेर आहे.

जी बाई चौकाला E चं इमान शिकवत होती, तिने ते स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या हाताने काढलं होतं.

टक टक.

फोन हातात धरून ती तशीच बसली होती, तोवर पावणेतीन वाजले होते. तो हलका आवाज आला, आणि या वेळी ताईला तो कळला.

टक टक म्हणजे हेडफोनचं बटण. कानात घालायचा तो हेडफोन तिनेच खारूला दिला होता. वर हात मोकळे राहावेत म्हणून. फोन पाठीवरच्या पिशवीत, कानात हेडफोन. त्याचं बटण दोनदा दाबलं की शेवटचा लावलेला नंबर पुन्हा लागतो. तेही तिनेच शिकवलं होतं. लटकलेल्या माणसाचा हात पाठीमागच्या पिशवीपर्यंत पोचत नाही. कानापर्यंत पोचतो.

शेवटचा नंबर तिचा होता.

टक टक.

दुसरा कुठलाच नंबर त्याला लावता येत नव्हता. पाच वाजून पाच मिनिटांपर्यंत तो तिलाच लावत राहिला.

ताई रडली नाही. तिने टेबलावरची स्क्रूची डबी उचलून भिंतीवर मारली. मग भिंग मारलं. मग स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, एकदा, दोनदा, आजोबा धावत येऊन हात धरेपर्यंत. "सोडा मला! मी काय केलं ते माहीत आहे का तुम्हाला?" ती ओरडत होती. आजोबांनी सोडलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने फोन पुन्हा हातात घेतला. फक्त LTE वरची खूण काढून 2G वर केली.

क्षणभर काहीच झालं नाही...

मग फोन वाजला.

सिम नसलेला फोन. स्क्रीनवर नाव होतं, खारू.

तिने हिरव्या खुणेकडे बोट नेलं. तोवर बंद झाला.

एक रिंग.

ती आणि आजोबा दोघेही सात वाजेपर्यंत तो फोन मध्ये ठेवून बसून राहिले. पुन्हा वाजला नाही.

ताई कंपनीत गेली. म्हणाली, लिहून घ्या. माझा फोन मी चुकीच्या सेटिंगवर ठेवला होता, ही माझी चूक, लिहा. पण तो चढायला तयार नव्हता, त्याला दमदाटी करून चढवलं आणि खालचा माणूस जागा सोडून गेला, हेही लिहा. निष्काळजी तो नव्हता. आम्ही होतो. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, पुरावा काय? सिम नसलेल्या फोनला आलेली रिंग कागदावर कशी घ्यायची? काकांनी हात वर केले. आपण असं काही बोललोच नाही, म्हणाले. त्यांची चप्पल अजून दुकानात पडली आहे.

कागद जसाच्या तसा आहे. ताईचा राग पण.

आईला मात्र तिने सगळं सांगितलं. तीन तास, टक टक, फक्त LTE, सगळं. समाधान गेलं तर जाऊ दे, म्हणाली, खोट्यावर किती दिवस जगायचं. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. ताटही तिच्यापुढे आदळून ठेवलं. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता, पाठमोरी राहूनच म्हणाली, "गुरुवारी मलाही ने."

आता दर गुरुवारी आई त्या स्टुलावर येऊन बसते. फोन टेबलावर, 2G वर ठेवलेला. आजोबा गुरुवारी दुकान उघडत नाहीत. त्यांना दोष कोण देणार?

मागच्या आठवड्यात चौकातल्या सगळ्यांच्या फोनवर एक मेसेज आला. आपल्या भागातील 2G सेवा लवकरच बंद करण्यात येत आहे, कृपया नवीन हँडसेट घ्यावा. ताईने तो वाचला आणि इतक्या मोठ्याने शिवी घातली की रस्ता ओलांडणारा माणूस मध्येच थांबला. E बंद होणार. त्या फोनवर मग नुसती फुली दिसणार. निदान असं नियम सांगतो. सिम नसलेल्या फोनला कुठले नियम लागतात, ते कोणाला ठाऊक नाही.

परवाच्या गुरुवारीही एक पन्नासला तो वाजला. एक रिंग. थांबला.

"म्हणजे काय गं?" आईने विचारलं. रिंगांचा तो जुना नियम तेवढा ताईने तिला कधी सांगितला नव्हता.

"म्हणजे... चढतोय."

आई फोनकडे बघत राहिली. बाहेर उन्हात माणसं जात-येत होती.

"मग उतरतो कधी?"

ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.